स्पीच थेरपीसाठी खेळणी निवडताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

लहान मुलांची स्पीच थेरपी खेळातूनच होते. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला समोर बसवून 'म्हण, बॉल' असं सांगत राहिलात, तर ते एकदा म्हणेल, मग तोंड फिरवेल आणि थोड्या वेळाने खुर्चीवरून उतरून निघून जाईल. त्यामुळे नवीन थेरपिस्ट आणि थेरपी नुकतीच सुरू केलेले आईबाबा दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: कोणती खेळणी घेऊ?

यादी देणं सोपं आहे, आणि पुढे मी काही नावं देणारच आहे. पण नुसत्या यादीवरून कपाट भरतं आणि मूल गप्पच राहतं. खेळण्याचा कस मी एका गोष्टीवर लावते. ते समोर असताना मुलाला दुसऱ्या माणसाची गरज पडते का? जे खेळणं मूल एकटंच उघडतं, एकटंच चालवतं आणि एकटंच संपवतं, ते चांगलं खेळणं असेलही, पण थेरपीत त्याचा उपयोग थोडा. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमागे हाच विचार आहे.

पायरी १ : आधी कान तपासा

उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी खेळण्यांच्या आधी झालेली हवी. टाळी वाजवली की मूल वळून बघतं, म्हणजे त्याला ऐकू येतं, असं धरून चालू नका. फक्त उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येणारं मूलही टाळीला वळतं. पण 'स', 'श' यांसारखे ध्वनी त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत, आणि जे पोचत नाही ते तोंडातून येणार कुठून? मधल्या कानात पाणी साचून राहिलं असेल तर ऐकणं कमी-जास्त होत राहतं. घरच्यांना वाटतं, मूल मनात येईल तेव्हाच ऐकतं. ऑडिओलॉजिस्टचा, म्हणजे श्रवणचाचणी करणाऱ्या तज्ज्ञाचा, रिपोर्ट हातात नसेल तर तो आधी मागा.

पायरी २ : मुलाला पंधरा मिनिटं नुसतं खेळू द्या आणि बघा

जमिनीवर चार साध्या वस्तू ठेवा: एक चेंडू, एक बाहुली आणि तिचा कंगवा, एक गाडी, एक झाकणाचा डबा. सूचना देऊ नका, प्रश्न विचारू नका, फक्त बघा.

पहिलं बघायचं ते हे, की मूल वस्तूंचं करतं काय. तोंडात घालतं, आपटतं, फेकतं? की बटण दाबलं तर काहीतरी होतं हे त्याला कळलंय? की कंगवा बाहुलीच्या केसांतून फिरवतं? की डब्यालाच बाहुलीचा पलंग करून तिला झोपवतं? खेळ या क्रमाने वाढत जातो, आणि खेळणं निवडायचं ते मूल ज्या पायरीवर आहे त्या पायरीचं, फार तर अर्धी पायरी पुढचं. सगळं फेकणाऱ्या मुलापुढे भातुकली मांडली तर भातुकलीही फेकली जाते. मग आपण त्याला 'लक्ष नाही' म्हणतो. खरं तर खेळणं चुकलेलं असतं. त्याच मुलाला चेंडू उतारावरून सोडायचा खेळ दिला तर फेकण्याची हौसही भागते आणि 'गेला!' म्हणायची जागाही मिळते.

दुसरं, मूल मागतं कसं? रडून, तुमचा हात ओढून, बोट दाखवून, की डोळ्यांनी? आणि तिसरं, मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं: काही गंमत झाली की ते खेळण्याकडून तुमच्याकडे आणि पुन्हा खेळण्याकडे बघतं का? 'हे बघितलंस का?' असं विचारणारी ही नजर साधारण ९ ते १२ महिन्यांत दिसू लागते आणि शब्द तिच्या मागोमाग येतात. ती नजरच नसेल तर पहिली खेळणी शब्दांसाठी निवडायची नाहीत, त्या नजरेसाठी निवडायची.

वयाची ढोबळ फूटपट्टी डोक्यात असू द्या: वर्षाच्या आसपास बोट दाखवणं आणि पहिला शब्द, दोन ते अडीच वर्षांत ५० च्या घरात शब्द आणि 'बाबा गेले' सारख्या दोन शब्दांच्या जोड्या. पण खोक्यावर छापलेल्या वयावरून खेळणं निवडू नका. चार वर्षांचं मूल खेळात दीड वर्षाचं असू शकतं. त्या छापील वयाचा उपयोग सुरक्षिततेपुरता, त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी ३ : ध्येय एका ओळीत लिहा

वहीत एक वाक्य लिहा. 'मूल हवं असलेलं दोन शब्दांत मागेल.' किंवा 'पाच क्रियापदं आपणहून वापरेल.' हे वाक्य लिहिल्याशिवाय खेळण्यांच्या कपाटाला हात लावायचा नाही, ही सवय पहिल्या महिन्यातच लावून घ्या.

नवीन लोक बहुतेक वेळा नामांच्या मागे लागतात. रंग, आकार, प्राणी, गाड्यांची नावं. मूल पन्नास चित्रं ओळखतं, घरचे खूश होतात, पण त्याला तहान लागली तर ते अजूनही रडतंच. कारण 'हत्ती' या शब्दाने दिवसभरात काहीच मिळत नाही. मिळतं ते 'दे', 'घे', 'नको', 'आणखी', 'उघड', 'संपलं', 'चल', 'वर', 'आत', 'माझं' या शब्दांनी. हे शब्द कोणत्याही खेळात, कोणत्याही खोलीत वापरता येतात. पहिल्या टप्प्याची खेळणी मी यांच्याच भोवती निवडते.

पुढच्या टप्प्यात आपल्या भाषेचं व्याकरण खेळण्यांच्या निवडीत उतरवावं लागतं. मराठीत 'चेंडू पडला', 'बाहुली पडली', 'झाकण पडलं'. मुलाकडे सगळी खेळणी गाडी, बस, बाहुली अशीच असतील तर त्याच्या कानावर 'पडली, गेली, आली' एवढंच पडत राहतं. तिन्ही लिंगांच्या वस्तू एकाच खेळात आणा: घसरगुंडीवरून आधी चेंडू सोडा, मग बस, मग चाक. 'आला', 'आली', 'आलं'. तुम्ही समजावून काही सांगायचं नाही, खेळच ते तीन प्रत्यय मुलाच्या कानावर घालत राहतो.

तसंच 'आत' आणि 'वर' चं. 'डबा' म्हणणाऱ्या मुलाला 'डब्यात' म्हणायचंय, म्हणजे शब्दाचं रूपच बदलायचंय. त्यासाठी एकाच माकडाला लपायला वेगवेगळ्या जागा द्या. माकड डब्यात, पेटीत, घरात, टेबलावर, खुर्चीखाली. अनेकवचनासाठी एकाच वस्तूचे अनेक नग लागतात: एक बाहुली आणि चार बाहुल्या, एक चाक आणि सहा चाकं. सुटी मिळणारी छोटी खेळणी घेताना म्हणूनच एकाच प्रकारची दोन-तीन घ्यावीत.

पायरी ४ : खेळणं हातात घेऊन त्याची परीक्षा

ते बोलतं का? बटण दाबलं की गाणी, अंक, प्राण्यांची नावं ऐकवणारी खेळणी 'भाषेसाठी उत्तम' म्हणून विकली जातात. थेरपीसाठी मी ती घेत नाही. नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठातल्या ॲना सोसा यांनी १० ते १६ महिन्यांच्या २६ बाळांचा त्यांच्या पालकांबरोबरचा खेळ घरच्या घरी ध्वनिमुद्रित केला. बॅटरीवर बोलणारी खेळणी असताना मोठी माणसं मिनिटाला सरासरी सुमारे ४० शब्द बोलली, ठोकळे आणि पझलसारखी साधी खेळणी असताना ५६, आणि पुस्तक असताना ६७. हा अभ्यास 'जामा पीडियाट्रिक्स' या बालरोगविषयक नियतकालिकात २०१६ साली आला. बोलणाऱ्या खेळण्यांबरोबर बाळांचे आवाजही पुस्तकांच्या वेळेपेक्षा कमी होते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या खेळणी-निवडीवरच्या अहवालाचाही कल साध्या, माणसामाणसांतला खेळ वाढवणाऱ्या खेळण्यांकडेच आहे. घरात असं खेळणं आधीपासून असेल तर ते टाकून देऊ नका, त्याचे सेल काढा. गाय राहते, आणि 'हम्मा' करायची जबाबदारी मुलावर आणि तुमच्यावर येते.

ते एकट्याने पूर्ण होतं का? घट्ट झाकण, चावी, चेन, गाठ, उंच जागा यांपैकी काहीतरी असं हवं जिथे मूल अडेल आणि तुमच्याकडे वळेल.

ते किती वेळा घडतं? एका मिनिटात पाच-सहा वेळा सुरू होऊन संपणारं खेळणं उत्तम. चेंडू सोडला, खाली आला, पुन्हा. प्रत्येक वेळी तोच शब्द बोलायची नैसर्गिक संधी मिळते. तीस तुकड्यांचं पझल जोडताना मूल गढून जातं, गप्प होतं, आणि वेळ संपते.

त्याचं आणखी काय काय होऊ शकतं? ठोकळ्याचं घर होतं, पूल होतो, फोन होतो, बाहुलीचा साबण होतो. एकच उपयोग असलेलं खेळणं महिन्याभरात संपतं.

पायरी ५ : पहिली पेटी

सुरुवातीला फार कमी लागतं. साबणाचे फुगे, चावीचं एखादं खेळणं, एकात एक बसणारे कप, लाकडी ठोकळे, चेंडू आणि उतार, एक बाहुली तिच्या दोन-चार वस्तूंसह, ओळखीचे प्राणी, एक हातबाहुली, जाड पुठ्ठ्याच्या पानांची दोन पुस्तकं, आणि पारदर्शक डबे. डबे विसरू नका. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा हे माझ्या मते थेरपीतलं सर्वांत कामाचं खेळणं आहे: आतलं दिसतं, हवंसं वाटतं, आणि मिळत नाही.

चावीचं खेळणं कसं वापरायचं ते जरा जवळून बघू, कारण बाकीच्या खेळण्यांचीही रीत हीच आहे. समजा, चालणारं बदक आहे. तुम्ही मुलासमोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला, जमिनीवर बसलाय. चावी फिरवता, 'फिरव, फिरव, फिरव', बदक खाली ठेवता, ते टकटक करत चालतं आणि चटईच्या कडेला थांबतं. 'थांबलं.' मूल ते उचलतं, उलटंसुलटं करतं, चावी चाचपतं, पण त्याच्या बोटांत तेवढा जोर नाही. इथे तुमचा हात आपोआप पुढे जातो. जाऊ देऊ नका. चेहऱ्यावर उत्सुकता ठेवा, भुवया थोड्या वर, आणि मनात दहापर्यंत मोजा. ही दहा सेकंदं फार लांब वाटतात, नवीन थेरपिस्टला तर जास्तच. सातव्या-आठव्या सेकंदाला मूल बदक तुमच्या हातावर ठेवतं, किंवा नुसतं वर बघतं, किंवा 'अं' म्हणतं. तोच त्याचा निरोप. लगेच 'फिरव! फिरव बदक!' म्हणा आणि लगेच चावी द्या. 'आधी नीट म्हण, मग देईन' असं म्हणू नका. त्याने त्याला येत होतं तेवढं सांगितलंय. त्या सांगण्याला फळ मिळालं, तर पुढच्या वेळी तो 'फि' म्हणायची हिंमत करेल.

साबणाच्या फुग्यांची कथाही अशीच: बाटलीचं झाकण घट्ट लावून ती मुलाच्या हातात द्यायची आणि थांबायचं. फुग्यांवर 'वर', 'फुट्', 'आणखी', 'मोठा', 'गेला' हे सगळं येतं, आणि फुगा आकाशात असताना मूल तुमच्याकडे बघून हसतं ती नजर तर सोन्यासारखी.

मात्र फुगे, शिट्ट्या, पिपाण्या, स्ट्रॉ यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. फुंकण्याच्या व्यायामाने तोंडाचे स्नायू बळकट होतात आणि उच्चार सुधारतात, असं सांगून या वस्तूंचे संचच्या संच घ्यायला लावतात. बोलण्याला स्नायूंची ताकद अगदी थोडी लागते. लागतो तो ओठ, जीभ, टाळू आणि श्वास यांचा नेमका ताळमेळ, आणि तो बोलूनच येतो. २००९ साली अशा व्यायामांवरच्या संशोधनाचा पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. उच्चारांसाठी त्यांची शिफारस करावी इतका पुरावा त्यात सापडला नाही. तेव्हा फुगे जरूर उडवा, पण मागण्यासाठी, बघण्यासाठी, हसण्यासाठी.

कपांचं वेगळं सांगायला नको: आत, बाहेर, वर, मोठा, लहान, पडलं, लपलं. बाहुलीबद्दल एवढंच, की तिच्यासोबत रोजच्या जगण्यातल्या वस्तू हव्यात. कंगवा, वाटी-चमचा, पांघरूण, टॉवेल. मूल जे स्वतःच्या अंगाने रोज अनुभवतं, तेच ते बाहुलीबरोबर खेळतं. शब्दही त्याच अनुभवाचे येतात: 'ऊठ', 'झोप', 'पूस', 'झालं'.

हातबाहुलीचा एक खास उपयोग आहे. मोठ्या माणसाला उत्तर न देणारी काही मुलं बाहुलीला देतात. शिवाय बाहुली चुकू शकते. तिने बुटाला टोपी म्हटलं की मूल उसळून 'नाही!' म्हणतं, आणि त्या दिवसाचा पहिला शब्द मिळतो.

पुस्तकं निवडताना मजकूर कमी आणि चित्रात काहीतरी घडतंय असं बघा. पानावरची झडप उचलली की खाली चित्र निघतं अशी पुस्तकं उत्तम, कारण प्रत्येक झडपेआधी थांबता येतं. मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. चित्राकडे बोट दाखवून मूल जे सुचवेल त्यावर बोला.

आणि ज्यांना वस्तूच लागत नाही असे खेळही याच पेटीतले समजा. तोंड झाकून 'कुक्' करणं, मांडीवर घोडा घोडा, गुदगुल्या. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९७० च्या दशकात अशा लपाछपीच्या खेळांचा बारकाईने अभ्यास केला. ठरलेला क्रम, आपापली पाळी, आणि मधली उत्कंठेची थांबणूक, हे संभाषणाचे सगळे घटक त्यांत असतात. वस्तूंमध्ये रस नसलेल्या मुलाची थेरपी मी इथूनच सुरू करते.

पायरी ६ : सुरक्षितता, यात सूट नाही

जे मूल वस्तू तोंडात घालतं, त्याला वय काहीही असो, तीन वर्षांखालचं समजा. लहान तुकडे तपासण्यासाठी प्रयोगशाळेत ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळकांडी वापरतात. त्यात पूर्ण मावणारी वस्तू अशा मुलाच्या हाती द्यायची नाही. चेंडू ४.५ सेंटिमीटरपेक्षा मोठाच हवा, कारण गोल वस्तू घशात बूच बसावं तशी बसते.

बटणासारखे चपटे सेल सर्वांत घातक. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर इजा करू शकतो. सेलचा कप्पा स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं पेटीत नको. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट रुग्णालयात. शक्तिशाली छोटी लोहचुंबकंही तशीच: दोन गिळली गेली तर आतड्याच्या भिंतींतून एकमेकांना ओढून छिद्र पाडतात. चुंबकाचा मासेमारीचा खेळ घ्यायचाच असेल तर चुंबक आत पक्कं बसवलेलं आहे का, हे दरवेळी ओढून बघा. रबरी फुगे आठ वर्षांखालच्या मुलांना स्वतः फुगवायला देऊ नका, फुटलेले तुकडे लगेच उचला. लांब दोऱ्या नकोत.

आवाज करणारं खेळणं आधी स्वतःच्या कानाजवळ धरा. तुम्हाला त्रास झाला तर मुलाला होणारच, ते तर कानाला लावूनच ऐकतं.

स्वच्छतेसाठी एक वेगळी टोपली ठेवा. तोंडात गेलेलं प्रत्येक खेळणं थेरपीचा तास संपला की त्या टोपलीत, आणि साबणाने धुऊन, पूर्ण वाळवूनच पुन्हा पेटीत. लाकडी खेळणी पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. कापडी हातबाहुली धुता येणारीच घ्या.

पायरी ७ : एका वेळी थोडंच बाहेर

टोलेडो विद्यापीठात १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहण्यात आलं. चार खेळणी असताना मुलं प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. थेरपीच्या खोलीत माझा अनुभव याहून वेगळा नाही. तीन खेळणी बाहेर, बाकीची झाकलेली किंवा मुलाला दिसतील पण हात पोचणार नाही अशा फळीवर. एक खेळ संपला की 'संपलं' म्हणत तो मुलानेच डब्यात भरायचा, मग दुसरा. आवरण्यातही शब्द असतात, घाईघाईने तुम्हीच आवरून टाकू नका.

पझलचे किंवा ठोकळ्यांचे सगळे तुकडे स्वतःच्या मांडीवर ठेवा आणि एकेक द्या. मात्र ताणायलाही मर्यादा असते. प्रत्येक तुकड्यासाठी मुलाला मागायला लावलं तर खेळ मरतो. दोन-तीनदा मागितलं की पुढचे दोन-तीन न मागता द्या.

पायरी ८ : खेळणं मुलाचं, बोलणं तुमचं

उत्तम खेळणं आणि चुकीचं बोलणं हा नेहमी दिसणारा प्रकार. 'हा रंग कोणता? हे काय आहे? किती आहेत?' अशी सरबत्ती झाली की खेळाची परीक्षा होते. त्याऐवजी जे चाललंय ते छोट्या वाक्यांत सांगा. मूल गाडी ढकलतंय, तुम्ही 'ढकल... गेली गाडी' म्हणा. मूल एक शब्द बोलत असेल तर तुम्ही दोन-तीन शब्दांत बोला. ते 'गाडी' म्हणालं तर 'लाल गाडी', 'गाडी आली'. चूक बोललं तर 'असं नाही' म्हणू नका, बरोबर रूप सहज परत द्या: ते म्हणालं 'बाहुली पडला', तुम्ही 'हो, बाहुली पडली!'

आणि मूल कुठे बघतंय तिथल्याबद्दल बोला. तुम्ही ठरवून आणलेली गाय बाजूला पडली आणि मूल तिच्या खोक्यातच रमलं, तर आजचं खेळणं ते खोकं. 'उघड', 'बंद', 'आत' तिथेही तितकेच चालतात.

उच्चारांसाठी खेळणी

शब्द येतात पण स्पष्ट नाहीत, अशा मुलांसाठी निवड ध्वनीवरून होते. म, प, ब, न, त, द हे ध्वनी लवकर येतात. र, ळ, ण उशिरा. तीन वर्षांच्या मुलाने 'र' ला 'ल' म्हटलं म्हणून रेल्वे आणि रिंगांची पेटी भरू नका. त्याच मुलाला 'क' ऐवजी 'त' येत असेल, तो 'काका' ला 'ताता' म्हणत असेल आणि त्याचं बोलणं घरच्यांनाही कळत नसेल, तर काम तिथे आहे.

यासाठी एकाच ध्वनीने वेगळे होणारे शब्द शोधा: कार आणि तार, गार आणि दार. दोन्ही चित्रं समोर ठेवा आणि मुलाला सांगू द्या, कोणतं हवं. त्याने 'तार' म्हटलं तर तारेचंच चित्र द्या. त्याला हवी होती कार. तो गोंधळतो, थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो. ध्वनी बदलला की अर्थ बदलतो, हे त्याला अशा वेळी स्वतःला कळतं, आणि शंभर वेळा 'क क क' म्हणवून घेण्यापेक्षा ते खोल जातं. एका तासात लक्ष्याचा ध्वनी खूप वेळा यायला हवा. म्हणून बक्षीस म्हणून वापरायचं खेळणं झटपट संपणारं घ्या: एक शब्द म्हटला, एक रिंग काठीत टाकली, पुढचा शब्द.

काही मुलांसाठी वेगळा विचार

ऑटिझम असलेलं मूल चाकं फिरवत किंवा गाड्या ओळीत लावत बसलं, तर ते काढून घेऊ नका. शेजारी बसून तुमचीही एक गाडी ओळीत लावा. पुढची गाडी तुमच्या हातात असू द्या आणि थांबा. त्याच्या आवडीत शिरायला तुम्हाला तीच वाट आहे. न बोलणाऱ्या मुलाबरोबर हातवारे, चित्रं किंवा आवाज देणारा टॅब वापरला तर ते बोलायचं सोडून देईल, ही भीती निराधार आहे. उपलब्ध संशोधनात अशा साधनांनी बोलणं अडल्याचं दिसलेलं नाही. खेळण्यांच्या पेटीतच 'आणखी', 'उघड', 'संपलं' ची चित्रं ठेवा.

श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रिया करून कानात बसवलेलं ऐकण्याचं उपकरण) असलेल्या मुलासाठी लाकडी ठोकळ्यांखाली जाड कापड अंथरा. ठोकळे आपटल्याच्या आवाजात तुमचे शब्द बुडतात. आधी शब्द ऐकवा, मग वस्तू दाखवा, आणि चेहऱ्यावर उजेड येईल असे बसा. हातांची हालचाल अवघड असलेल्या मुलासाठी जाड मुठीची, न घसरणाऱ्या चटईवर ठेवलेली, किंवा एका मोठ्या बटणाने चालणारी खेळणी घ्या. बॅटरीची खेळणी मी सहसा टाळते, पण इथे ती हवीत. अट एवढीच, की बटणाने खेळणं हलावं, बोलू नये. अडखळत बोलणाऱ्या मुलाबरोबर वेगाच्या, जिंकण्या-हरण्याच्या खेळांनी सुरुवात करू नका. आपापली पाळी निवांत येणारे खेळ घ्या, आणि तुमचं स्वतःचं बोलणं संथ ठेवा.

पायरी ९ : लिहून ठेवा आणि बदला

प्रत्येक तासानंतर तीन गोष्टी लिहा: कोणतं खेळणं, मूल आपणहून काय बोललं किंवा खुणेने काय सांगितलं, आणि तुमच्या मागे मागे काय म्हणालं. आपणहून आलेलं आणि मागे म्हटलेलं यांची मोजणी वेगळी ठेवा, नाहीतर प्रगती आहे त्यापेक्षा मोठी दिसते. तीन-चार तासांत एखाद्या खेळण्यावर आपणहून काहीच येत नसेल तर ते पेटीतून काढा आणि महिन्याने पुन्हा आणून बघा.

उलटही होतं. बाटली दिसली की मूल 'उघड' म्हणतं, पण दारापाशी, पिशवीपाशी, बाहुलीच्या पेटीपाशी गप्प. म्हणजे शब्द अजून त्या बाटलीलाच चिकटलेला आहे. अशा वेळी नवीन शब्द शिकवायला घेऊ नका. बाटली आठवडाभर बाजूला ठेवा, आणि उघडायच्या चार वेगळ्या वस्तू पेटीत घाला. घरच्यांनाही तोच एक शब्द सांगा: कपाट, बूट, टॉवेलची घडी, दप्तर, जिथे जिथे काही उघडायचं असेल तिथे हात लावण्याआधी थोडं थांबायचं आणि मुलाकडे बघायचं.